भाजीची रोपं शेतात आणि गच्चीवर कधी लावायची, कशी लावायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की आणि परत दिवाळीच्या आसपास तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. मुख्य भर टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फ्लॉवर आणि कांद्यावर आहे. प्रश्नांना नंबर दिलेत, एकदा सांगितलेलं परत सांगत नाही, फक्त नंबर देतो. वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, कॅलेंडरची तारीख नंतर बघा, आधी रोपाची मुळं बघा. बहुतेक रोपं तारीख चुकल्यामुळे मरत नाहीत, मूळ तयार नसताना किंवा भर उन्हात लावल्यामुळे मरतात.

1. रोपं करून मग लावायचा खटाटोप कशाला, बी थेट जमिनीत टाकलं तर?

टोमॅटो, मिरची, कांद्याचं बी बारीक असतं आणि पहिला महिना रोप फारच नाजूक असतं. एवढ्याशा वाफ्यात किंवा ट्रेमध्ये असलं की पाणी, सावली, किडी सगळं सांभाळता येतं, अख्ख्या शेतात ते होत नाही, तण आधी वर येतं आणि रोप दिसतच नाही. शिवाय हायब्रीड बी महाग असतं, ते शेतात विस्कटून टाकणं परवडत नाही.

2. कुठल्या भाज्यांची रोपं करायची आणि कुठल्या थेट पेरायच्या?

टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी मिरची, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, कांदा यांची रोपं करा. मुळा आणि गाजर मात्र थेटच पेरा, त्यांचं मूळच आपल्याला खायचंय, उपटून लावलं की मुळाला फाटे फुटतात. भेंडी, गवार, घेवडा, वाल, वाटाणा, मेथी, कोथिंबीर, पालक हेही थेट. काकडी, दोडका, कारलं यांचं थोडं वेगळं आहे, प्रश्न 17 बघा.

3. रोप किती दिवसांचं झालं की लावायचं? तयार झालंय हे ओळखायचं कसं?

साधारण हिशोब असा: टोमॅटो 25 ते 30 दिवस (प्रो-ट्रेमधलं, म्हणजे कप्प्याकप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेमधलं, 21 ते 25 दिवसांतही होतं), कोबी-फ्लॉवर 25 ते 30, वांगी 30 ते 40, मिरची 35 ते 45. कांद्याचं वेगळं आहे, ते प्रश्न 18 मध्ये.

पण थंडीत हेच दिवस वाढतात, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा रोप हातात घ्या. खरी पानं 4-5 हवीत (सगळ्यात खालची गुळगुळीत दोन पानं धरायची नाहीत), उंची वीतभर किंवा त्याहून थोडी कमी, काडी जाडसर आणि पेरं जवळजवळ. ट्रे असेल तर खालच्या भोकातून बोटाने कप्पा हलकेच वर ढकला, काडीला धरून ओढू नका. कोकोपीटचा गठ्ठा न फुटता अख्खा बाहेर आला आणि त्याच्या कडेने पांढरीशुभ्र बारीक मुळं दिसली तर रोप तयार आहे. गठ्ठा हातात सुटला तर अजून चार-पाच दिवस थांबा. मुळं तपकिरी होऊन तळाशी गोल गोल गुंडाळली असतील तर उशीर झालाय, मग प्रश्न 16.

4. नक्की कुठल्या महिन्यात लावू?

महाराष्ट्रात तीन हंगाम. खरिपाची लागवड जून-जुलै, रब्बीची ऑक्टोबर-नोव्हेंबर, उन्हाळीची जानेवारी-फेब्रुवारी. पण सगळीकडे एकच नियम लावला की फसायला होतं. नाशिककडे, पिंपळगाव बसवंत वगैरे भागात टोमॅटो पावसाळ्यात लागतो आणि दिवाळीच्या आगेमागे तोडे चालतात, नारायणगाव-जुन्नरकडे मोठी लागवड उन्हाळ्यासाठी असते, माल एप्रिलनंतर येतो.

कोकणात आणि गोव्यात जून-जुलैच्या धो धो पावसात सपाट जमिनीत टोमॅटो लावून काही हाती लागत नाही, मुळं कुजतात. तिथे भात निघाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याच जमिनीत लावा, अलिबागचा पांढरा कांदा असाच भातानंतर लागतो. उताराची, पाणी न थांबणारी जमीन असेल तर मिरची-वांगी पावसाळ्यातही येतात, काणकोणची खोल्याची मिरची डोंगरउतारावर पावसाच्याच भरवशावर होते.

विदर्भ-खानदेशात उन्हाळी टोमॅटो जानेवारीत लावून मोकळे व्हा. फेब्रुवारीच्या शेवटी लावला तर फुलं ऐन एप्रिल-मेच्या उन्हात येतात आणि पारा 38-40 च्या वर गेला की फुलगळ होते, झाड हिरवंगार दिसतं आणि फळच नाही. याच्या उलट निफाडसारख्या ठिकाणी काही वर्षी जानेवारीत पारा 5 अंशांच्या खाली जातो, तेव्हा नुकतं लावलेलं मिरची-वांग्याचं रोप आठवडेच्या आठवडे जागचं हलत नाही, तिथे कडाक्याची थंडी सरू द्या.

कोबी-फ्लॉवरला थंडीच हवी. फ्लॉवरमध्ये लवकर, मध्यम, उशिरा असे वाण वेगवेगळे असतात आणि उशिराचा वाण लवकर लावला तर नुसती पानं वाढत राहतात, गड्डा धरत नाही, त्यामुळे बी घेताना पाकिटावरचा हंगाम नक्की वाचा.

5. मृगाचा पहिला पाऊस पडला, लगेच लावून टाकू का?

विहीर-बोअरचं पाणी हाताशी नसेल तर नको. पहिल्या पावसाने वरची माती भिजते, खाली जमीन तापलेलीच असते, आणि मध्ये आठ-दहा दिवस पावसाने दडी मारली की रोपं करपतात. दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल खोलवर गेली आणि वर वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की लावा. वाफसा बघायचा तर चार बोटं खोल माती काढा, मुठीत दाबा आणि कंबरेएवढ्या उंचीवरून सोडा. ढेकूळ पडून फुटलं तर वाफसा आहे, थप्पकन चिकटून बसलं तर अजून चिखल आहे. चिखलात लावलेल्या रोपाभोवतीची माती वाळून दगडासारखी होते आणि मुळांना हवा मिळत नाही.

6. सकाळी लावायचं की संध्याकाळी?

संध्याकाळी, चारनंतर. रोपाला अख्खी रात्र मिळते मुळं टेकवायला. सकाळी लावलं की चार तासांत ऊन डोक्यावर येतं आणि तुटलेली मुळं तेवढं पाणी ओढू शकत नाहीत. ढगाळ दिवस असेल तर दिवसभर लावलं तरी चालतं. मजुरांच्या वेळेमुळे संध्याकाळ जमत नाही असं खूपजण सांगतात, ते खरंय, मग निदान दुपारी 11 ते 4 काम बंद ठेवा आणि ट्रे बांधावर उन्हात न ठेवता झाडाखाली ठेवा.

7. रोपं कडक करायची म्हणजे नक्की काय करायचं?

शेडनेटमधलं रोप लाडात वाढलेलं असतं, सावली, वेळेवर पाणी, वारा नाही. ते तसंच उचलून उन्हात लावलं की दोन दिवसांत पानं पांढरी पडून भाजतात. म्हणून लावायच्या आधी 6-7 दिवस सावली हळूहळू कमी करायची: पहिले दोन दिवस फक्त सकाळचं कोवळं ऊन, मग अर्धा दिवस, शेवटचे दोन दिवस पूर्ण ऊन. पाणीही कमी करत न्यायचं, पण रोप पूर्ण सुकवायचं नाही, पान जरा मलूल दिसलं की थोडं द्यायचं. युरिया किंवा 19:19:19 या विरघळणाऱ्या खताची फवारणी या आठवड्यात बंद, त्याने रोप परत लुसलुशीत होतं. लावायच्या आदल्या दिवशी मात्र भरपूर पाणी द्या म्हणजे उपटताना मुळं तुटत नाहीत.

नर्सरीतून आणलेलं रोप कडक केलेलं आहे का ते विचारा, नसेल तर घरी आणून तीन-चार दिवस बाहेर ठेवून मगच लावा.

8. जमीन कशी तयार करू? खड्ड्यात खत टाकू का?

पावसाळ्यात गादीवाफा (उंच केलेला वाफा) किंवा सरी-वरंबा, सपाट वाफा नको. एकरी 8-10 टन चांगलं कुजलेलं शेणखत आधीच मातीत मिसळा. चांगलं कुजलेलं यावर जोर देतोय कारण कच्च्या शेणखतात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि ते कुजताना उष्णता सोडतं. रोपाच्या खड्ड्यात युरिया किंवा डीएपीची मूठ टाकायची सवय सोडा, कोवळी मुळं थेट खताला लागली की जळतात. खत रोपापासून चार बोटं बाजूला, मातीआड द्या.

9. लावताना रोप किती खोल गाडायचं?

पिकाप्रमाणे. टोमॅटोच्या काडीला मातीत गेलं की नवी मुळं फुटतात, त्यामुळे खालची दोन पानं खुडून तो भाग मातीत गेला तर उलट फायदाच आहे, लांबट रोप असेल तर काडी थोडी तिरकी करून गाडली तरी चालतं. वांगी-मिरची ट्रेमध्ये होती त्याच पातळीला किंवा अर्धा इंच खाली. कोबी-फ्लॉवर पहिल्या पानांच्या देठापर्यंत, पण मधला कोंब मातीखाली जाता कामा नये, कोंब गाडला गेला की गड्डाच येत नाही.

अपवाद: कलमी रोपं. हल्ली वांगी, टोमॅटो, मिरचीची कलमं केलेली रोपं मिळतात, खाली रोगाला टिकणारा खुंट आणि वर आपला वाण. यात कलमाचा जोड मातीच्या दोन बोटं वरच राहिला पाहिजे. टोमॅटो आहे म्हणून खोल गाडलं तर वरचा वाण स्वतःची मुळं सोडतो आणि जादा पैसे देऊन घेतलेल्या खुंटाचा उपयोगच उरत नाही.

लावून झाल्यावर बुडाजवळ दोन्ही हातांच्या बोटांनी माती दाबा, अंगठ्याने ठोसू नका. एक पान धरून हलकं ओढून बघा, पान फाटलं पण रोप हललं नाही तर नीट बसलंय.

10. दोन रोपांत किती अंतर? एकरी किती रोपं सांगू नर्सरीला?

एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, त्याला दोन ओळींतलं अंतर गुणिले दोन रोपांतलं अंतर याने भागा. टोमॅटो 4 × 1.5 फूट धरला तर 7,260 रोपं, मिरची 2 × 2 फूट तर 10,890, कोबी 2 × 1.5 फूट तर 14,520. बांध, पाट, रस्ता यात थोडी कमी बसतात, पण नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, पाच-दहा टक्के रोपं जास्तच लागतात, त्यामुळे हाच आकडा सांगा. सुधारित वांग्याला भारी जमिनीत 3 × 3 फूट तरी द्या, दाटीत शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीवर फवारणीच पोचत नाही.

11. मल्चिंग पेपरवर लावतोय, रोपं बुडातून वाळतात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा काडी प्लास्टिकला टेकलेली असते. ऊन चढलं की पेपर तापतो, शिवाय खालची गरम हवा त्याच भोकातून वर येते आणि कोवळी काडी शिजते. भोक दोन-तीन इंचांचं करा, रोप बरोबर मध्यात लावा आणि भोकाभोवती चिमूटभर माती टाकून कडा दाबून घ्या म्हणजे वाफ बाहेर येत नाही. लागवडीच्या आधी ड्रिप चालवून वाफा गार करून घ्या. 25-30 मायक्रॉनचा पेपर घ्या आणि चंदेरी बाजू वर ठेवा.

12. फ्लॅटच्या गच्चीवर ग्रो बॅगमध्ये लावायचंय, नियम तेच का?

मूळ नियम तेच, फक्त तीन फरक. गच्चीचा स्लॅब तापतो आणि बॅगेची माती चारही बाजूंनी तापते, म्हणून पहिला आठवडा दुपारी हिरवं नेट किंवा जुनी सुती ओढणी बांधा आणि बॅग विटांवर उचलून ठेवा. दुसरं, एका बॅगेत एकच रोप, टोमॅटो-मिरचीला 12 × 12 इंच आणि वांग्याला 15 × 15. तीन रोपं लावली तर तिन्ही खुरटतात, एवढं एक मनावर घ्या. तिसरं, नुसती लाल माती भरू नका, ती बसून घट्ट होते, कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळा.

13. लावल्यावर पाणी कधी कधी द्यायचं?

लावल्या लावल्या एक पाणी. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं हलकं पाणी. त्यानंतर जमीन बघून, हलक्या जमिनीत 4-5 दिवसांनी, भारीत 8-10 दिवसांनी. ड्रिप असेल तर पहिला आठवडा रोज थोडं थोडं. रोज पाट सोडून रेंदा करायचा नाही, सतत ओल राहिली की बुडाला मर (रोप कुजवणारा बुरशीचा रोग) लागते.

14. दुपारी रोपं माना टाकतात, मेली का?

घाबरू नका. पहिले चार-पाच दिवस दुपारी माना टाकणं नॉर्मल आहे, संध्याकाळी ऊन उतरल्यावर बघा, परत उभी राहिली तर मुळं काम करतायत. दुपारी मलूल दिसलं म्हणून पाणी ओतणाऱ्यांचीच रोपं जास्त कुजतात. सकाळी सहालाही मान खाली असेल तर मात्र एक रोप उपटून बघा: बुडाशी काडी तपकिरी-मऊ झाली असेल तर मर आहे, पाणी तोडा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड लेबलवरच्या प्रमाणात बुडाशी ओता. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म किडे) आहेत, त्या जागी पुढचं पीक झेंडूचं घ्या. मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या 8-10 दिवसांच्या आत भरा, त्यापुढे भरलेलं रोप मागेच राहतं.

15. सकाळी बघितलं तर रोप जमिनीलगत कापून आडवं पडलेलं! उंदीर आहे का?

उंदराने असं नुसतं कापून ठेवणं कमीच, हे काम रोप कुरतडणाऱ्या अळीचं असतं. पडलेल्या रोपाच्या भोवती एक-दोन इंच माती बोटाने उकरा, राखाडी-काळसर अळी वेटोळं करून बसलेली सापडते, दिवसा ती तिथेच लपते. सापडली की मारा, नाहीतर आज रात्री शेजारचं रोप जाईल. घरच्या बागेत कागदी कपाचा तळ कापून तो रोपाभोवती इंचभर मातीत रोवा. पावसाळ्यात पान कुरतडलेलं आणि चकाकणारी चिकट रेघ दिसली तर गोगलगायी, संध्याकाळी ओली गोणपाटं बांधाकडेने पसरा आणि सकाळी खाली जमलेल्या गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. मीठ शेतात टाकू नका.

16. पाऊसच लांबला, रोपं जास्त दिवसांची झाली, काहींना फुलंही आलीत. लावू की फेकू?

टोमॅटो लावा, खोल लावा (प्रश्न 9), आलेली फुलं खुडा आणि तळाची गुंडाळलेली मुळं बोटांनी जरा मोकळी करा. मिरची-वांग्याचंही फुलं खुडून शेंडा मारला तर चालून जातं, उत्पन्न थोडं लांबतं. कोबी-फ्लॉवरची जास्त वयाची रोपं मात्र लावू नका, विशेषतः फ्लॉवर, लिंबाएवढा गड्डा धरून बसतो आणि तुमचे तीन महिने जातात.

17. काकडी, दोडका, कारलं, भोपळ्याची रोपं केली तर चालतात का?

चालतात, पण यांना मुळं हललेली अजिबात खपत नाहीत. वाफ्यात टाकून उपटून लावायची नाहीत, ट्रे, पिशवी किंवा कागदी कपातच करायची आणि दोन खरी पानं आली की म्हणजे साधारण 12-15 दिवसांतच लावायची. वेल सुटायला लागला की उशीर झाला. पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट ठेवा.

18. कांद्याची रोपं कधी लावायची? डेंगळे का येतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. खरीप कांद्याची लागवड जुलै-ऑगस्ट, रांगड्याची (खरीप आणि रब्बीच्या मधला) सप्टेंबर-ऑक्टोबर, उन्हाळ म्हणजे रब्बी कांद्याची डिसेंबर ते जानेवारीचा पहिला पंधरवडा. खरिपात रोप साधारण 6 आठवड्यांचं, रब्बीत 7-8 आठवड्यांचं. अंतर 15 × 10 सेमी, या हिशोबाने एकरी अडीच लाखांच्या पुढे रोपं लागतात, तेवढं गादीवाफ्यावर बी आधीच टाकलेलं हवं.

डेंगळे म्हणजे फुलाचा दांडा. कांद्याला पुरेशी मोठी वाढ झालेली असताना थंडी लागली की तो फुलावर जातो, म्हणून जास्त वयाची आणि जाड मानेची रोपं लावली की डेंगळे वाढतात. लावताना पेन्सिलीएवढ्या जाड मानेची आणि फारच बारीक, दोन्ही टोकाची बाजूला काढा. खरिपाचा वाण रब्बीत लावला तरी डेंगळे आणि जोडकांदे येतात, भीमा सुपर खरिपाला आणि भीमा शक्ती, एन-2-4-1 उन्हाळ्याला, ही अदलाबदल करू नका. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने भीमाचे वाण हंगामाप्रमाणेच दिलेत.

पातीचा वरचा एक तृतीयांश भाग कापून लावा, पाणी कमी उडतं. खोल गाडू नका, इंचभर पुरे, खोल गेला की कांदा लांबट होतो. जानेवारी उलटून गेल्यावर लावलेला उन्हाळ कांदा बारीकच राहणार, कारण पात वाढायच्या आतच ऊन वाढतं आणि कांदा पोसायला लागतो.

19. टोमॅटोत झेंडू लावतात तो कसा लावायचा?

फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो म्हणून. टोमॅटोच्या 14-16 ओळींमागे एक ओळ मोठ्या आफ्रिकन झेंडूची. यात मेख वयाची आहे: टोमॅटोचं रोप 25 दिवसांचं असेल तर झेंडूचं 45 दिवसांचं हवं, तरच दोघांना फुलं एकावेळी येतात. झेंडूचं बी तीन आठवडे आधी टाका. एकाच दिवशी टाकलं तर झेंडू फुलेपर्यंत अळी टोमॅटोत शिरलेली असते.

20. रोपं जिवाणू खतात बुडवू की बुरशीनाशकात?

दोन्ही एकदम नको, बुरशीनाशकात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीही मरते. मागच्या पिकात मर आली होती का? असेल तर बुरशीनाशकात बुडवा आणि ट्रायकोडर्मा दहा-बारा दिवसांनी बुडाशी सोडा. नसेल तर 10 लिटर पाण्यात अ‍ॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी (ही दोन जिवाणू खतं) प्रत्येकी 250 ग्रॅम कालवून मुळं पंधरा-वीस मिनिटं बुडवा आणि सावलीतच लावायला घ्या.

21. आम्ही न्यू जर्सीला असतो, इकडे मेथी-वांगी-मिरची कधी लावू?

तिकडे लावायची वेळ पाऊस ठरवत नाही, हिमदव ठरवतं. शेवटचं हिमदव भागाप्रमाणे एप्रिल मध्य ते मे मध्यापर्यंत पडतं. टोमॅटो रात्रीचं तापमान 10 अंशांच्या वर टिकलं की, मिरची-वांगी आणखी आठ-दहा दिवसांनी, रात्री 13 च्या खाली जात नाहीत तेव्हा. कोबी-फ्लॉवर मात्र दोन-तीन आठवडे आधी, त्यांना हलकं हिमदव सोसतं. मेथी थेट पेरा. घरातल्या दिव्याखाली वाढलेलं रोप आपल्या शेडनेटमधल्यापेक्षाही नाजूक असतं, प्रश्न 7 मधला आठवडा तिथे दहा दिवसांचा करा. दुबई-मस्कतवाल्यांनी हे सगळं उलटं धरा, ऊन ओसरल्यावर सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबरमध्ये लावा.

22. नर्सरीतून आणलेल्या टोमॅटो-मिरचीच्या रोपांची पानं वळलेली आहेत. फवारणी करून लावली तर सुधारतील का?

पान उलटं करून बघा. खाली बारीक फुलकिडे किंवा कोळी असतील आणि नवा शेंडा सरळ असेल तर फवारणीने सुधारतात. पण शेंड्याची पानं बारीक, पिवळसर, गुच्छ झालेली असतील तर ते पांढऱ्या माशीने आणलेल्या व्हायरसचं लक्षण आहे, त्यावर कुठलंही औषध नाही. अशी रोपं पैसे गेले तरी लावू नका, एक लावलं तरी माशी तिथून बाकीच्या शेतात नेते. घेतानाच प्रत्येक ट्रेच्या मधली आणि कोपऱ्यातली रोपं बघा, नर्सरीला बारीक छिद्रांची 40-50 मेशची इन्सेक्ट नेट आहे का बघा, आणि वाण, लॉट नंबर, तारीख लिहिलेलं पक्कं बिल घ्या, बियाच्या रिकाम्या पाकिटाचा फोटोही काढून ठेवा. बिल नसेल तर पुढे तक्रार उभीच राहत नाही.